लग्नाची ४० जीबीची फिल्म क्लायंटपर्यंत पोचवायची कशी?

प्रश्न: मी नौपाड्यात राहतो, लग्नं-मुंजी शूट करतो आणि एडिटिंग घरीच करतो. आधी डीव्हीडी द्यायचो, पण आता कोणाकडे प्लेअरच नाहीये. परवाच्या लग्नाची साडेतीन तासांची फिल्म, हायलाईट आणि फोटो मिळून ४० जीबी झालंय. मुलीकडचे घोडबंदर रोडला राहतात, जावई मस्कतला. रात्री अपलोड लावून झोपलो तर सकाळी अर्ध्यातच अडकलेलं, आणि मुलीचे बाबा म्हणतायत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की! काय करू?

उत्तर: दादा, सगळ्यांना एकच फाईल द्यायला जाताय तिथेच अडकताय. फिल्म कोण, कुठे, कशावर बघणारे हे आधी विचारून घ्या. आजी-आजोबा टीव्हीवर बघणार, जावई लॅपटॉपवर आणि मावश्या फोनवर, तिघांना तीन कॉप्या लागतात.

घोडबंदर रोड तुमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे मूळ फाईल सरळ हार्ड डिस्कवर घालून हातात नेऊन द्या, चहा पण होईल. इंटरनेटचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे पटेल. कनेक्शन १०० एमबीपीएसचं असलं तरी अपलोडचा स्पीड बऱ्याचदा वेगळा असतो, तो स्पीड टेस्ट करून बघा, आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, ८ ने भागलं की मेगाबाईट. अपलोड १० मिळत असेल तर ४० जीबीला ९ तास लागतात, तेही मधे लाईट गेली नाही आणि लॅपटॉप स्लीपमध्ये गेला नाही तर. तुमचं बहुतेक तेच झालंय, ब्राउझरमधून टाकत असाल तर गूगल ड्राईव्हचं डेस्कटॉप अ‍ॅप वापरा, ते तुटलेलं अपलोड पुढे चालू करतं.

जावयासाठी ५ एमबीपीएस बिटरेटवर (म्हणजे व्हिडिओ सेकंदाला किती डेटा खातो तो आकडा) वेगळी कॉपी काढा. साडेतीन तासांची फाईल साधारण ८ जीबी होते, गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत बसते (त्या १५ मध्ये जीमेल आणि फोटोही मोजतात हं) आणि पावणेदोन तासांत चढते. लिंक पाठवताना सोबत एक ओळ लिहाच, की आधी डाउनलोड करा, मग बघा. ड्राईव्हवर नुकताच चढवलेला व्हिडिओ तिथल्या तिथे प्ले केला की धुरकट दिसतो आणि माणसाला वाटतं शूटच खराब केलंय.

टीव्हीचा पेन ड्राईव्ह ही सगळ्यात फसवी गोष्ट. जुन्या टीव्हींना बऱ्याचदा फॅट ३२ फॉरमॅटच (पेन ड्राईव्हवर फाईली ठेवायची जुनी पद्धत) वाचता येतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. १० एमबीपीएसला ५० मिनिटांचा व्हिडिओ पावणेचार जीबीच्या आसपास होतो, म्हणून सीमांतपूजन, हळद, लग्न, सप्तपदी, रिसेप्शन असे तुकडे करून द्या, तसंही लोक आपला हवा तो भागच शोधत बसतात. एमपी४ मध्ये एच २६४ (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) ठेवा, नव्या एच २६५ ने जागा वाचते पण जुना टीव्ही नुसता आवाज ऐकवतो आणि स्क्रीन काळी.

व्हॉट्सअ‍ॅपवर हायलाईट तेवढं टाका, तेही डॉक्युमेंट म्हणून, २ जीबीपर्यंत जातं. व्हिडिओ म्हणून टाकलंत तर तो दाबून छोटा करतो आणि तुमचं कलर करेक्शन वाया.

आणि एक, अपलोड झालं म्हणजे काम झालं असं धरू नका. वाशीच्या एका क्लायंटला मी लिंक पाठवली होती, त्यांनी दोन आठवड्यांनी उघडली तोवर तिची मुदत संपलेली, आणि मी मूळ प्रोजेक्ट हलवून ठेवलेला. आता "उघडलं, शेवटपर्यंत चाललं" असा मेसेज आल्याशिवाय मी काहीच डिलीट करत नाही.

प्रश्न: मी नेरूळला असते, महापेच्या एका कंपनीसाठी ५ मिनिटांचे प्रॉडक्ट व्हिडिओ करते. ते प्रोरेस (अ‍ॅपलचा, एडिटिंगसाठीचा जड व्हिडिओ फॉरमॅट) मागतात आणि बदलही दहा वेळा सांगतात. प्रत्येक वेळी इतकी मोठी फाईल पाठवायची का?

उत्तर: अजिबात नाही ताई. प्रोरेस ४२२ एचक्यू १०८० ला, २५ फ्रेमवर, १८४ एमबीपीएस धरतं, म्हणजे ५ मिनिटांचे जवळपास ७ जीबी. बदलांसाठी हलकी एमपी४ पाठवा, तिच्यावर टाईमकोड (चालू वेळेचे आकडे) छापून, म्हणजे "ते मधलं जरा बदला" ऐवजी "२ मिनिट १४ सेकंदाला लोगो" असं उत्तर येतं. मास्टर, म्हणजे ती मोठी अंतिम फाईल, फक्त मंजुरीनंतर, एकदाच. त्यांनी स्वतःचं ड्राईव्ह फोल्डर शेअर केलं असेल तरी त्यात तुम्ही टाकलेली फाईल तुमच्याच जागेतून मोजली जाते, तेव्हा आपली जागा आधी बघून घ्या.