डिप्लोमानंतर लोणेऱ्याला थेट दुसऱ्या वर्षाला नंबर लागतोय. तिथली लाईफ कशी आहे आणि डिप्लोमावाल्यांना झेपतं का?

प्रश्नाच्या तपशिलात तू लिहिलंयस की काका म्हणतात, ‘डिप्लोमा करून आधीच वाट चुकलास, आता निदान पुण्यातलं खासगी कॉलेज घे.’ म्हणून हे उत्तर लिहितोय, नाहीतर नुसत्या ‘लाईफ’वर लिहायला बसलो नसतो. असले काका माझ्याकडेही आहेत. तू सिव्हिलचा डिप्लोमावाला, मीही तोच, म्हणून सरळ अरे-तुरे.

आधी अलॉटमेंट लेटर नीट वाच. ‘बाटू’ला नंबर लागला म्हणजे लोणेऱ्यालाच लागला असं नाही. राज्यभरातली बरीच खासगी कॉलेजं आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, म्हणजेच बाटूला, संलग्न आहेत. पदवीवर नाव तेच येतं, पण दिवस त्या कॉलेजात काढायचे असतात. १९८९च्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाचा मूळ कॅम्पस तो लोणेऱ्याचा, आणि मी बोलतोय ते त्याच्याबद्दल.

माणगाव आणि महाडच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. पुण्याहून ताम्हिणी उतरलं की माणगाव, तिथून एसटी नाहीतर विक्रम रिक्षा. पाऊस कोकणातला. बीड-बुलढाण्याकडून आलेली पोरं पहिल्या जुलैत चक्रावतात: कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या बेल्टला बुरशी येते. तू पोचशील तोवर पाऊस सरत आलेला असेल, पुढच्या जूनला कळेल. रविवारी महाडला जाऊन चवदार तळं बघायचं किंवा पाचाडहून पायऱ्यांनी रायगड चढायचा. मॉल नाही. ज्याला हे चालत नाही त्याने खरंच पुणं घ्यावं, उगाच तीन वर्षं कुढत बसू नये.

आता ‘झेपतं का’. हा प्रश्न बारावीवाल्यांना कुणी विचारत नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, जेईईला चांगलं पर्सेंटाइल मिळवून आलेला. हुशार होता, खोटं कशाला बोलू. त्याचं लाडकं वाक्य होतं, ‘डिप्लोमावाले फाइल मस्त भरतात.’ म्हणजे लिखापढी जमते, डोकं नाही; कळलंच तुला. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आम्ही एकाच ग्रुपमध्ये आलो. फ्लाय लेव्हलिंग होतं, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंचीतला फरक मोजत जायचं. इमारतीच्या पायरीवर बेंचमार्क, म्हणजे सुरुवातीचा पक्का बिंदू, त्याची आरएल (उंची) १०० मीटर धरायची, अर्ध्या किलोमीटरची फेरी मारून परत त्याच पायरीवर यायचं. ऑक्टोबर होता, पाऊस थांबलेला, ऊन भाजून काढत होतं, आणि गवत गुडघ्याच्या वर. लेव्हल (रीडिंग घ्यायची दुर्बीण) त्याने स्वतःकडे घेतली, रीडिंगचं टेबल मांडायला मला बसवलं. फाइल मस्त भरतो ना आपण.

फेरी पूर्ण झाली, पायरीची आरएल आली १००.०६५. पासष्ट मिलिमीटरचा फरक. साध्या लेव्हलिंगला २४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ इतके मिलिमीटर चालतात, म्हणजे अर्ध्या किलोमीटरला १७. तो म्हणाला, अरिथमेटिक चेक टॅली होतोय म्हणजे काम बरोबर आहे, बेंचमार्कच हलला असेल. पायरी हलली असेल! अरे, तो चेक फक्त तुझी बेरीज-वजाबाकी तपासतो. रीडिंग चुकीचं घेतलंस तरी टॅली होणारच. बॅकसाइटच्या (मागे बघून घेतलेल्या रीडिंगच्या) बेरजेतून फोरसाइटची (पुढे बघून घेतलेल्यांची) बेरीज वजा केली काय नि राइजमधून (चढातून) फॉल (उतार) वजा केले काय, आकडे तेच तर आहेत.

मी टेबल खाली ठेवून स्टाफ (आकडे असलेली उंच पट्टी) धरणाऱ्या पोराला विचारलं, प्रत्येक चेंज पॉइंटला (जिथून लेव्हल पुढे हलवतात त्या बिंदूला) स्टाफ कशावर उभा केला होतास? दोन ठिकाणी दगड होता, एका ठिकाणी कल्व्हर्टचा (छोट्या मोरीचा) कठडा. चौथ्या ठिकाणी नुसतं गवत. तिथे फोरसाइट झाल्यावर लेव्हल पुढे नेईपर्यंत हा पोरगा स्टाफ घेऊन झाडाच्या सावलीत गेला आणि परत येऊन ‘साधारण तिथेच’ उभा राहिला. पॉलिटेक्निकला आमच्या फील्डच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात दम भरला होता: चेंज पॉइंट पक्क्या दगडावर घ्यायचा, खडूने खूण करायची, आणि बॅकसाइट होईपर्यंत स्टाफ उचलायचा नाही, जागेवर फक्त फिरवायचा. आम्ही कठड्यापासून पुढचं काम परत केलं. चूक आली ४ मिलिमीटर. पर्सेंटाइलवाला काही बोलला नाही, पण पुढच्या प्रॅक्टिकलपासून लेव्हल माझ्याकडे आली.

हे सगळं दिवाळीत घरी सांगितलं तर काका म्हणाले, ‘हे काम तर मजूरही करतो.’ त्यांचा मुलगा दोन वर्षं लातूरला राहून शिकला, मग पुण्यात खासगी कॉलेजात गेला. त्याच्याशी माझं काहीच वाकडं नाही, आमचं छान जमतं. पण दहावीनंतर डिप्लोमा म्हणजे बारावीला घाबरलेल्यांची पळवाट, हे काकांनी घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकवलंय. तुझ्या काकांना एवढंच विचार: सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता स्थापत्य व्हायला मूळ पात्रता काय मागतात? तीन वर्षांची पदविका. पळवाटेला सरकार कशाला साहेब करेल? माझ्या काकांकडे याचं उत्तर नव्हतं, त्यांनी चहा मागवला.

आता एम-थ्रीचं, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताचं. ते जड जातं, लपवत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित आपण केलेलं नसतं, आंशिक विकलन तर बघितलेलंही नसतं, आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे वर्गात पोचेपर्यंत त्यातलं लाप्लास ट्रान्सफॉर्म बरंच पुढे गेलेलं असतं. आमच्यातल्या काहींचा एम-थ्री राहिला, आणि त्यात ‘आपल्याला प्रॅक्टिकल येतं’ म्हणून फुशारणारेच जास्त होते. आत्ता वर्ग सुरू होईपर्यंत मोकळा आहेस तर बारावीवाल्या एखाद्या मित्राची एम-वनची (पहिल्या वर्षाच्या गणिताची) वही माग आणि विकलन-संकलन हाताखालून जाऊ दे.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेश घेतानाच भर. उशिरा येणाऱ्याला खोली मिळेलच असं धरून चालू नकोस, नाहीतर लोणेरे गावात किंवा शेजारच्या गोरेगावात बघावी लागेल. तेही मुंबईचं गोरेगाव नव्हे, घरी आधीच सांगून ठेव. मेसबद्दल आताच्या पोरांना विचार.