मागून गाडी बसते, तरी टायर का फिरतात?

प्रश्न: माझ्या ड्रॅग कारला (सरळ छोट्या रेसच्या गाडीला) मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड ॲक्सल) आणि फोर लिंक (तो ॲक्सल बॉडीला धरणाऱ्या चार दांड्या, दोन वर, दोन खाली) आहे. लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, मागची बाजू मस्त खाली बसते, तोंड वर येतं, बघणारे म्हणतात काय पकडतेय गाडी! पण टायर जागेवरच स्पिन होतात आणि पहिल्या ६० फुटांचा टाइम काही केल्या खाली येत नाही. मागच्या स्प्रिंग अजून मऊ टाकू का?

उत्तर: नका टाकू. गाडी मागे बसली म्हणजे टायरवर वजन आलं असं सगळ्यांनाच वाटतं, दिसतंही तसंच, पण वजन किती मागे सरकणार ते ठरतं गाडीचं वजन, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची उंची, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) आणि ॲक्सिलरेशन यावर. समजा गाडी १४०० किलोची, सेंटरची उंची अर्धा मीटर, व्हीलबेस अडीच मीटर, तर १ जी ला (गुरुत्वाकर्षणाइतक्या ॲक्सिलरेशनला) साधारण २८० किलो मागे जाणार, मग मागची बाजू बसो नाहीतर उठो.

मग लिंकचं काम काय, तर ते वजन टायरवर किती झटक्यात पोचवायचं ते ठरवणं. बाजूने बघा, वरच्या आणि खालच्या लिंकच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे भेटतात तो इन्स्टंट सेंटर. आता मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून दुसरी एक रेष ओढा, पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या उंचीवर जो बिंदू येतो तिथपर्यंत. इन्स्टंट सेंटर या रेषेच्या खाली असेल तर गाडी मागे बसणार, वर असेल तर बॉडी उचलली जाणार आणि तोच जोर टायरला खाली दाबणार. तुमचा इन्स्टंट सेंटर खाली आहे, हे तुमच्याच वर्णनावरून दिसतंय.

वरच्या लिंकचं पुढचं टोक एक भोक खाली घ्या, इन्स्टंट सेंटर मागे येईल आणि अँटी-स्क्वॉट (मागे बसण्याला होणारा विरोध) वाढेल. एकच भोक हां! मग पिनियन अँगल (मागच्या ॲक्सलमध्ये ताकद घेणाऱ्या गिअरचा कोन) परत मोजा, तो हललेला असतो आणि नेमकं तेच लोक विसरतात.

यानंतर मोबाईल मागच्या चाकाच्या उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये लाँच शूट करायला सांगा कुणाला तरी, आणि फेंडर आणि टायरमधली गॅप बघा. गॅप वाढतेय, टायर आधी पकडतो पण काही फुटांवर सुटतो, म्हणजे बॉडी फार जोरात वर जाऊन सस्पेंशनचा ट्रॅव्हल (हलायची जागा) संपतोय, मागच्या शॉकचा रिबाउंड (शॉक लांबतानाचा विरोध) एकदोन क्लिक टाइट करा. जागेवरच फिरत असेल तर उलटं, सैल करा. टायर प्रेशर आणि लाँचचा आरपीएम तोवर अजिबात बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

प्रश्न: लाँचला गाडी उजवीकडे जाते, अलाइनमेंट तर ठीक आहे.

उत्तर: प्रॉपशाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) टॉर्क, म्हणजे पीळ, सॉलिड ॲक्सलचा उजवा टायर उचलायला बघतो, त्यामुळे डावा जास्त ढकलतो. मागे अँटी-रोल बार (गाडी एका बाजूला कलणं रोखणारा बार) नसेल तर आधी तो बसवा. असूनही ओढत असेल तर उजवी वरची लिंक पाव फेरा आखूड करून उजव्या टायरला प्रीलोड (आधीच थोडा दाब) द्या, ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना.