पोकेमॉनच्या खेळांत वाटेवर भेटणाऱ्या फुटकळ ट्रेनरांना दहापैकी किती गुण द्याल? पहिला नंबर कुणाचा?

पोकेमॉन नावाचे प्राणी पाळून झुंजवणाऱ्या ट्रेनरांपैकी जिम लीडर (गावोगावच्या तालमींचे म्होरके), रायव्हल (आपला कायमचा प्रतिस्पर्धी), एलिट फोर (शेवटी भेटणारे चार महारथी) ही बडी धेंडं वगळून फक्त वाट अडवणाऱ्या चिल्लर मंडळींना गुण द्या, असं तुम्ही विचारलंय. फार बरं केलंत. बड्या धेंडांवर लोकांनी पानंच्या पानं लिहून ठेवली आहेत, या बिचाऱ्यांकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही.

आधी निकष ठरवू. ‘किती अवघड होता’ हा निकष इथे कामाचा नाही, कारण ही मंडळी हरण्यासाठीच उभी केलेली आहेत. हरायचं, खिशातले पैसे काढून द्यायचे आणि मग उरलेला सगळा खेळ त्याच जागी उभं राहून एकच वाक्य घोकत बसायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. मी गुण देतो ते आत्मविश्वासाला, आणि तो बिनबुडाचा असेल तर हात सैल सोडून देतो. जिम लीडर ब्रॉककडे चौदाव्या लेव्हलचा ऑनिक्स हा दगडी अजगर आहे, त्याने छाती काढून उभं राहावं यात नवल कसलं? ज्याच्याकडे एक उंदीर आहे तो छाती काढतो, तेव्हा मी पेनाचं टोपण उघडतो.

पहिल्या दोन पिढ्यांपुरतंच बोलतो. म्हणजे रेड-ब्लू, ज्यांचा मूळ अवतार जपानात १९९६ साली रेड-ग्रीन म्हणून आला, आणि १९९९ चे गोल्ड-सिल्व्हर. पुढच्या पिढ्यांतले ट्रेनर फारच शहाणे झालेत.

खेळ न खेळलेल्यांसाठी एक नियम सांगून ठेवतो. ट्रेनरच्या नजरेच्या सरळ रेषेत तुम्ही आलात की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उगवतं आणि तो चालत येऊन तुम्हाला गाठतो. लग्नात लांबच्या काकांनी हॉलच्या दुसऱ्या टोकावरून नजर पकडावी, तसंच. मग सुटका नाही.

सुरुवात व्हिरिडियन जंगलातल्या बग कॅचर पोरांपासून. हातात जाळी, आणि पोकेमॉन म्हणाल तर अळ्या. रेड-ब्लूमध्ये एकाकडे वीडल आणि कॅटरपी, दुसऱ्याकडे वीडल, ककूना आणि परत वीडल. ककूना म्हणजे कोष. त्याला एकच विद्या येते, हार्डन, म्हणजे अंग कडक करून घेणं. तुम्ही एक ठोसा द्या, तो कडक होतो. दुसरा द्या, आणखी कडक होतो. त्यात पहिल्या पिढीत समोरच्या ट्रेनरच्या मूव्ह, म्हणजे या विद्या, कधी संपतच नाहीत, त्यामुळे तुम्ही काही केलं नाहीत तर हा कोष जगबुडीपर्यंत अंग कडक करत बसेल. अळीमिळी गुपचिळी. धोका खरा वीडलचा. त्याच्या डंखाने विष चढलं की लढाई जिंकूनही दर चार पावलांना एक एचपी (अंगातल्या जिवाचा गुण) गळत राहतो, आणि पुढच्या गावापर्यंत आपण पावलं मोजत जातो. या पोरांवर माझा थोडा जीव आहे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत हिंडायचे आणि त्या नादातूनच हा सगळा डोलारा उभा राहिला. म्हणजे निर्मात्याने जंगलात स्वतःलाच उभं केलं आणि हरण्याचा भाव ठेवला साठ-सत्तर पोकेडॉलर. सहा गुण.

जंगल आणि प्यूटर सिटी ओलांडली की रूट ३ वर तो प्रसिद्ध हाफपँटवाला. अकराव्या लेव्हलचा रॅटाटा, अकराव्या लेव्हलचा एकॅन्स. लढाईला तोंड फुटताना लोक धमकी देतात, निदान नाव तरी सांगतात. हा सांगतो की मला हाफपँट आवडते, घालायला सोपी आणि अंगाला आरामशीर. बस. विचारलं होतं का कुणी? पण त्याची मुद्रा अशी की जगाला हे आजच कळायला हवं होतं. हरल्यावरही त्याच्या मतात तसूभर फरक पडत नाही. आठ गुण, त्यातले सहा निव्वळ हाफपँटचे.

आता थोडं मागे, प्यूटरच्या जिममध्ये. ब्रॉक हा दगडी पोकेमॉनचा उस्ताद, आणि रेड-ब्लूमध्ये त्याच्या जिममध्ये शिष्य एकच. हा शिष्य आपल्याला अडवून सांगतो की ब्रॉकशी भिडायला तुला अजून कित्येक प्रकाशवर्षं आहेत. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. ब्रॉक त्याच्या मागे चार पावलांवर उभा आहे. बरं, दगडी जिमचा हा एकुलता एक चेला आणतो काय, तर डिगलेट आणि सँडश्रू. दोन्ही मातीतले, दगडी एकही नाही. उस्तादाने शिकवलेलं एका कानाने आत, दुसऱ्या कानाने बाहेर. पण हरल्यावर तो जे करतो, त्याला तोड नाही. पैसे गेले, अब्रू गेली, आणि त्या क्षणी त्याला आठवतं की प्रकाशवर्ष हे काळाचं नव्हे, अंतराचं एकक आहे. हळहळ पराभवाची नाही, भौतिकशास्त्राची! साडेआठ. दगड आणला असता तर नऊ.

नऊ ज्याला दिलेत तो गोल्ड-सिल्व्हरमधला जोई. हे नाव येणार हे तुम्हाला ठाऊकच असेल. याची पहिली भेट लढाईआधीच होते. रूट ३० वर हा आणि दुसरा एक पोरगा भर रस्त्यात आपापले पोकेमॉन झुंजवत उभे असतात आणि त्यांच्यापायी पुढचा रस्ता बंद. बोलायला जावं तर आमची मोठी लढाई चालू आहे, मध्ये येऊ नकोस, असा दम देतात. नंतर कळतं की ही ‘मोठी लढाई’ लढणाऱ्या जोईकडे चौथ्या लेव्हलचा एक रॅटाटा आहे. एकच. रॅटाटा म्हणजे गवतात पायलीला पन्नास मिळणारा उंदीर. त्याला हरवलंत की हाती पडतात चौसष्ट पोकेडॉलर आणि त्याचा फोन नंबर.

तो नंबर घेतलात की संपलं. तुम्ही कुठल्या तरी लांबच्या रानवाटेने जीव मुठीत धरून चालला आहात, पोशन (औषध) संपलंय, आणि फोन खणखणतो. जोई. काय म्हणणं? माझा रॅटाटा साधासुधा नाही, तमाम रॅटाटांच्या वरच्या टक्क्यांत मोडतो. वरच्या किती टक्क्यांत? ते तो सांगत नाही. एक टक्का, दहा, नव्वद, सगळी दारं उघडी. खिशात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, हे कुणी इतक्या मनापासून जगलेलं मी पाहिलं नाही. आणि मजा म्हणजे तो बदलत नाही. परत परत लढायला बोलावतो, उंदीर पुढे रॅटिकेट होतो, पण जोई दुसरा भिडू काही घेत नाही. आहे त्यावर भरवसा.

मग एक गुण का कापला? पोकेगिअर या खेळातल्या फोनमध्ये जेमतेम दहा नंबर मावतात. त्यातली एक जागा जोईला देणं म्हणजे चैन आहे. तोच फोन हायकर अँथनीचा आला तर डार्क केव्हमध्ये डनस्पार्सची झुंड आल्याची खबर देतो. कोळी राल्फ रूट ३२ वर क्विलफिश मासे लागल्याचं कळवतो. कामाची माणसं. जोई मात्र फक्त उंदराची ख्यालीखुशाली सांगतो.

हायकर मंडळींचा विषय निघालाच आहे तर रेड-ब्लूच्या रॉक टनेलकडे वळू. मिट्ट काळोख, फ्लॅश ही उजेड पाडणारी मूव्ह नसेल तर चाचपडत जायचं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पाठीवर बोचकं घेतलेला एकेक दांडगा गडी. पोकेमॉन सगळ्यांचे तेच ते, जिओड्यूड, माचॉप, ऑनिक्स. कंटाळवाणे म्हणून तीन गुणांवर बोळवण केली असती, पण जिओड्यूड एकविसाव्या लेव्हलला सेल्फ-डिस्ट्रक्ट शिकतो आणि तिथून यांचं रूप पालटतं. पाण्याचा एक फवारा पडला तर आटोपणारा तो धोंडा ऐन वेळी स्वतःला उडवून देतो आणि तुमचा लाडका पोकेमॉन सोबत घेऊन जातो. त्या पिढीत हा स्फोट समोरच्याचा बचाव निम्मा धरून हिशेब करतो, म्हणजे जेवढा दिसतो त्याहून दुप्पट लागतो. मोडेन पण वाकणार नाही, याचं इतकं शब्दशः उदाहरण दुसरं नसेल. सात.

लॅव्हेंडर टाउनच्या मनोऱ्यातल्या चॅनेलर बायका मात्र गुणांच्या बाबतीत पेच टाकतात. त्यांच्या अंगात आलेलं असतं. ‘तुझा आत्मा दे’ असं घुमत घुमत म्हणतात, गॅस्टली सोडतात, आणि हरल्या की भानावर येऊन आपण कुठे आहोत असं बघतात. आता यात आत्मविश्वास बाईचा की भुताचा? भुताला गुण देण्याची सोय माझ्याकडे नाही. पाच गुण, तेही पाचव्या मजल्यावर एका चॅनेलरने जागा शुद्ध करून ठेवलीय आणि तिथे उभं राहिलं की आपले पोकेमॉन फुकटात ठणठणीत होतात, त्या उपकाराखातर.

पैशांचं गणित सांगायचं राहिलं. रेड-ब्लूमध्ये प्रत्येक प्रकारच्या ट्रेनरचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला त्याच्या शेवटच्या पोकेमॉनच्या लेव्हलने गुणलं की बक्षीस. बग कॅचरचा आकडा १०, हाफपँटवाल्याच्या जातीचा १५, जंटलमनचा ७०. चिल्लर मंडळींत सगळ्यात तालेवार बर्ग्लर, त्याचा ९०. चोराच्या खिशात पैसा असायचाच.

जंटलमनांत मला व्हर्मिलियनच्या जिममधला आवडतो. लेफ्टनंट सर्ज सैन्यात माझे कडक वरिष्ठ होते, असं तो अदबीने सांगतो आणि तेविसाव्या लेव्हलचा एकच पिकाचू काढतो. आता गंमत बघा. खुद्द सर्जकडे जो पिकाचू आहे तो अठराव्या लेव्हलचा! साहेबाच्या पिकाचूपेक्षा शिपायाचा पिकाचू पाच लेव्हलने वर, तरी पठ्ठ्या साहेबाच्या कचऱ्याच्या पंधरा डब्यांची राखण करत उभा. चेहऱ्यावर कुरकुर नाही. हरल्यावर १६१० पोकेडॉलर मोजून देतो. साडेसात.

असाच प्रकार फ्यूशाच्या जिममध्ये, फक्त जरा बेरकी. कोगा विषारी पोकेमॉनचा वस्ताद, आणि त्याच्या अदृश्य भिंतींमध्ये उभे असलेले जगलर, म्हणजे चेंडू झेलत कसरती करणारे, बाळगतात ड्राउझी, हिप्नो, कडाब्रा. सगळे सायकिक, म्हणजे मनाच्या बळावर लढणारे. विषारी पोकेमॉनची पुरती वाट लावायला सायकिकइतकं सोपं काही नाही. म्हणजे वस्तादाच्या तालमीत वस्तादालाच चीत करायचं साहित्य घेऊन हे उभे. तख्त पालटायचा बेत असेल तर मी पूर्ण गुण द्यायला तयार आहे. पण बेत तडीस जाणार कसा, यांना एक पोकेमॉन धड मैदानात ठेवता येत नाही. जरा कुठे लढाई रंगात आली की हा आत, तो बाहेर, परत हा बाहेर. जगलर म्हणून ते शोभत असेल, पण प्रत्येक अदलाबदलीत आपल्याला एक फुकटचा घाव मिळतो. चार.

नगेट ब्रिजच्या टोकाचा टीम रॉकेटवाला तीन गुणांचा धनी. पाच जणांना हरवून आलेल्याला तो आधी बक्षीस म्हणून सोन्याचा गोळा देतो, ज्याचे दुकानात पाच हजार येतात. मग टोळीत ये म्हणतो, नकार मिळाला की लढतो, एकॅन्स आणि झुबॅट पंधराव्या लेव्हलचे, आणि हरून वर साडेचारशे देतो. एवढं करून तू रॉकेटमध्ये मोठा पुढारी झाला असतास, अशी भलामणही करतो. गुन्हेगारी टोळीला या माणसाची भरती परवडते कशी?

समुद्रातल्या स्विमरांना दोन. आकडा ५, चिल्लर मंडळींत सगळ्यात कमी. तिसाव्या लेव्हलचा गडी हरवून दीडशे पोकेडॉलर. पोहताना पाकीट ठेवणार कुठे हे मान्य, पण तोच टेंटाकूल आणि तोच हॉर्सी किती वेळा बघायचा?

राहिला पहिला नंबर. रूट २१, पॅलेट टाउन आणि सिनाबार बेटामधलं पाणी, आणि तिथे गळ टाकून बसलेला रेड-ब्लूमधला एक कोळी. याच्याकडे सहा पोकेमॉन. सहाही मॅजिकार्प. सहाही सत्ताविसाव्या लेव्हलचे.

मॅजिकार्प म्हणजे तो तडफडणारा लाल मासा, जो माउंट मूनजवळच्या पोकेमॉन सेंटरमध्ये एक इसम पाचशेला नवख्यांच्या गळ्यात मारतो. स्प्लॅश करतो आणि त्याने काहीही होत नाही. पण हाच मासा विसाव्या लेव्हलला ग्याराडॉस होतो, आणि ग्याराडॉस काय चीज आहे ते एलिट फोरमधल्या लान्सला विचारा. त्याच्या ताफ्यात एकच आहे. आमच्या कोळीबुवांकडे सहा होऊ शकले असते.

होऊ दिले नाहीत. माशाची उत्क्रांती थांबवायची तर ऐन वेळी बी बटण दाबावं लागतं, आणि पुढची लेव्हल आली की खेळ परत तेच सुरू करतो. वीस ते सत्तावीस म्हणजे प्रत्येक माशामागे आठ वेळा, सहा माशांचे मिळून अठ्ठेचाळीस वेळा नियती या माणसाच्या दारात ग्याराडॉस घेऊन आली आणि त्याने अठ्ठेचाळीस वेळा दार लावून घेतलं. त्याला मॅजिकार्प हवेत. सत्ताविसाव्या लेव्हलला त्यांना टॅकल येतो, त्यामुळे अधूनमधून एखादा मासा येऊन आपटतोही. बाकी वेळ तडफड. मग पुढचा मासा, परत तडफड. सहा वेळा. आणि शेवटी ९४५ पोकेडॉलर.

दहापैकी दहा. लान्स बड्या धेंडांत मोडतो म्हणून त्याचा पेपर माझ्याकडे आलाच नाही. आला असता तरी एवढे मिळाले नसते.