जुन्या पिकअपला मागे डावा-उजवा शॉकअप वेगवेगळा बसवला तर चालतो का?

तुम्ही लिहिलंय की मूळ शॉकअप आता मिळत नाहीत, म्हणून डावीकडे नवीन गॅसवाला आणि उजवीकडे दुसऱ्या गाडीचा वापरलेला तेलाचा बसवलाय. बोल्ट दोन्हीकडे आरामात गेले, पण नवीन शॉकअप जरा लांब वाटतो आणि माल भरला की मागून ‘धाड’ असा आवाज येतो. असंच चालवू का, असा तुमचा प्रश्न. नका चालवू. निदान जोडी बदलेपर्यंत माल तरी भरू नका.

बोल्ट गेला म्हणजे शॉकअप बसला, असं मीही एकदा धरून चाललो होतो. माझ्या पिकअपला दुसऱ्याच गाडीची जोडी लावली होती, मुळापेक्षा तीन-चार सेंटीमीटर लांब. रिकामी गाडी इतकी छान चालली की मी स्वतःवर खूश. माल भरल्यावर आवाज यायचा, तो पाट्यांचा (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचा) असेल म्हणून सोडून दिला. महिन्याभराने खाली शिरलो तर वरचा ब्रॅकेट चासीपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) वेल्डिंगला फाटलेला. शॉकअप मात्र जागच्या जागी, बोल्टही घट्ट!

झालं काय, तर एक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) वर आला की त्याला अडवायचं काम चासीखालच्या रबरी स्टॉपरचं असतं. शॉकअपचं काम फक्त पाट्यांची उसळी जिरवायचं. आतलं तेल बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते, बस. शॉकअप लांब असला की मिटल्यावरही लांबच राहतो. मग एक्सल स्टॉपरला टेकायच्या आधीच त्याचा पिस्टन तळाला आदळतो आणि मालासकट सगळा दणका ब्रॅकेट खातो.

म्हणून डब्यावरचं गाडीचं नाव नंतर वाचा, आधी टेप घ्या. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत माप घ्या, आणि स्टॉपर व एक्सल यांच्यातली फट मोजा. समजा पहिलं माप ४० सेंटीमीटर आणि फट ९ आली, तर एक्सल स्टॉपरला टेकेल तेव्हा शॉकअपला ३१ सेंटीमीटर जागा उरेल. रबरही दबतं, त्यामुळे पूर्ण मिटलेला शॉकअप २८ च्या आसपास किंवा त्याहून लहान हवा. (शॉकअप तिरका असतो, म्हणून तो एक्सलच्या हालचालीपेक्षा जरा कमीच मिटतो. म्हणजे हा हिशेब चुकला तरी सुरक्षित बाजूनेच चुकतो.)

आखूड शॉकअपचा त्रास उलटा. चाक खड्ड्यात गेलं की एक्सल लोंबतो आणि शॉकअप पूर्ण ताणला जाऊन हिसका खातो, त्यात रॉड किंवा टोकाची, बोल्ट जाणारी कडी जाते. हे बघायला चासी स्टँडवर टेकवा, एक्सलखालचा जॅक हळूहळू उतरवा आणि नजर ब्रेकच्या होजवर ठेवा. शेवटी होजच ताणला जात असेल तर तिथेच थांबा. उघडलेली लांबी मूळ शॉकअपच्या जवळपास ठेवलेली बरी.

आता डाव्या-उजव्याचं. एका एक्सलवर दोन्ही बाजूंना एकाच जातीचे, एकाच ताकदीचे शॉकअप हवेत. गॅसवाल्यातला नायट्रोजन रॉडला सतत बाहेर ढकलतो, पण तेवढ्याने फार बिघडत नाही. खरा घोळ असा की खड्ड्यातून निघाल्यावर एक चाक लगेच शांत होतं आणि दुसरं उसळतच राहतं. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो तो यामुळे. पुढची जोडी एका कंपनीची आणि मागची दुसरीची असेल तर मी मनावर घेत नाही.

मात्र जोडी जुळवायच्या नादात एक गंमत विसरू नका. बऱ्याच पिकअपमध्ये मागचा एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो. कारण क्लच सोडताना किंवा ब्रेक मारताना एक्सल पाट्यांवर पिळला जातो आणि चाकं थडथड उडतात, ती ही रचना आवरते. अशा गाडीत डाव्या-उजव्याचा पार्ट नंबर मुळातच वेगळा असू शकतो. मी एक डबा ‘चुकीचा आला’ म्हणून परत करायला निघालोच होतो. आधी गाडीखाली झोपून बघा.

लांब शॉकअप मावावा म्हणून ब्रॅकेट सरकवून तो आडवा करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ४५ अंशात झुकला की शॉकअप निम्माच उपयोगी पडतो.

बुशची (कडीतल्या रबराची) नळी बोल्टपेक्षा ढिली असेल तर दिवसभर टकटक होईल. लेथवर बरोबर मापाची नळी करून घ्या. ब्रॅकेटचं भोक मोठं करू नका. तेलाचा शॉकअप आडवा पडून राहिला असेल तर आत हवा शिरलेली असते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. तरीही मध्येच मोकळी जागा लागली तर तो वापरलेला नग भंगारात टाका. रॉडला पकड लावू नका, ओरखड्याने सील कापलं जातं. कडीचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

तुमचा ‘धाड’ आवाज कशाचा हे ठरवायचा सोपा उपाय आहे. दोन्ही स्टॉपरच्या तोंडाला ग्रीस फासा, थोडासाच माल ठेवून एखाद्या गतिरोधकावरून सावकाश जा आणि खाली उतरून बघा. आवाज आला पण एक्सलवर ग्रीसचा डाग नाही, तर बहुधा डावा शॉकअप तळाला लागतोय. डाग असेल तर बहुधा लांबीचा प्रश्न नाही. मग पाटे बघायचे, आणि त्यासाठी रिकाम्या गाडीची दोन्ही बाजूंची फट इथे लिहा.