कोल्हापूर-मुंबई विमानाने सदतीस मिनिटांचं, मग तिकिटावर सव्वा तास का?

वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं. कंसात प्रश्न कुठून आला ते.

सांगलीहून मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर, आणि कोल्हापूर विमानतळावरून ३१० म्हणतात. एवढा फरक? (मिरज)

३१० हे उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते सांताक्रूझ (मुंबईचा) दोरी ताणून मोजलेलं अंतर. गाडी आधी पुणं गाठणार, मग बोरघाट उतरणार.

मोबाइलवर हेच अंतर १६७ दाखवतं. (तासगाव)

ते नॉटिकल मैल. १.८५२ ने गुणा, किलोमीटर येतील.

एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरने जातं, म्हणजे सदतीस मिनिटं पुरे. तिकिटावर सव्वा तास कसा? (विश्रामबाग)

तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते. इथे विमान जागेवरून हलल्यापासून तिथे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. शिवाय ५०० हा वेग वर पोचल्यावरचा. चढता-उतरताना तो बराच कमी. विमान उडतं वाऱ्याला तोंड देऊन, आणि उजळाईवाडीची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम. पूर्वेचा वारा असला की मुंबईचं विमान आधी पूर्वेला, हुपरीच्या दिशेने उठतं, मग वळतं.

खरा वेळ खाते ती मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि आभाळात रांग लागते. एकदा पनवेलची खाडी दिसल्याबरोबर शेजारच्या काकांनी भडंगाची पिशवी मांडीवर घेतली. विमानाने तीच खाडी आणखी दोनदा दाखवली. काकांनी पिशवी सोडली आणि मला मूठभर भडंग दिलं.

डिसेंबरात अधिवेशनाच्या कामाने कोल्हापूरहून नागपूरला गेलो. जाताना लवकर, येताना उशीर. वैमानिक वेगळा होता म्हणून? (इस्लामपूर)

वैमानिकाला बोल लावू नका. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोरात असतो. अंतर ७०० किलोमीटर. ५०० च्या वेगाला वाऱ्याची ४० ची साथ मिळाली, तर ७८ मिनिटं. तोच वारा समोरून आला, तर ९१. वेळापत्रकातही म्हणून दोन्ही बाजूंची वेळ सारखी नसते.

मग सांगलीकराने मुंबईला विमानाने जावं का? (हरिपूर)

घरापासून मोजा. जयसिंगपूरमार्गे विमानतळ गाठायला सव्वा तास धरा, काउंटर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून वर दीड तास. प्रवास सव्वा तास, सामान अर्धा, दादर गाठायला पाऊण. झाले सव्वापाच. मोटारीला सात-आठ लागतात, म्हणजे विमान जिंकलं. पण विमान सुटणार दुपारी आणि काम सकाळी दहाचं असेल, तर एक मुक्काम आला. मी तरी मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसच पकडतो. रात्री सांगलीत चढायचं, झोपायचं. नागपूरला मात्र विमानच.