कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका मॅरियन अँडरसन यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायला वयाची 57 वर्षं का लागली?

कारण एकच, वर्णभेद. आवाजात काहीच कमी नव्हतं. 1935 मध्येच ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला प्रसिद्ध इटालियन संगीत-संचालक (कंडक्टर) तोस्कानिनींनी ‘असा आवाज शंभर वर्षांत एकदाच ऐकायला मिळतो’ अशी दाद दिली होती. पण मेटमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरात, कृष्णवर्णीय गायकांना प्रमुख भूमिका द्यायच्याच नाहीत, असा अलिखित नियम होता. 1950 मध्ये रुडॉल्फ बिंग तिथे व्यवस्थापक झाले आणि 7 जानेवारी 1955 ला अँडरसन इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरात उलरिका या भविष्य सांगणाऱ्या बाईच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. तोंडातून पहिला सूर निघण्याआधीच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आपण थरथरत होतो असं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय.

त्याआधी 1939 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना जागा नाकारली होती. मग ईस्टरच्या रविवारी, 9 एप्रिलला, त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर फरचा कोट घालून गायल्या. समोर सुमारे 75,000 लोक होते. पहिल्याच देशभक्तिपर गाण्यात ‘मी गाते’ ऐवजी त्यांनी ‘आम्ही गातो’ असं म्हटलं. मला तर हा एका शब्दाचा बदल मेटच्या पदार्पणापेक्षाही मोठा वाटतो.

मात्र ‘अमेरिकन ऑपेरातल्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका’ असं सरसकट म्हणू नका. कॅटरिना जारबोरो यांनी 1933 मध्येच न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या ऑपेरा कंपनीकडून ‘आयडा’ हा ऑपेरा गायला होता. अँडरसन पहिल्या, त्या मेटच्या.