कातरणीच्या आधीचं वर्ष

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कातर कोणती घ्यावी, हा तुझा पहिलाच प्रश्न. धारदार आणि तुझ्या हाताला पेलेल ती घे. पण त्याआधी एक कर. एखाद्या मेंढीच्या बरगडीवरची पेन्सिलीएवढी बट कातडीलगत कापून घे. दोन्ही टोकं चिमटीत धरून कानाजवळ ने आणि झटका दे. तारेसारखी टणकली तर लोकर सशक्त. चरचरली किंवा मधेच तुटली, तर तिथे काहीतरी घडून गेलंय. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर महिन्याला पाऊण सेंटीमीटरच्या आसपास वाढते. त्या हिशेबाने कातडीकडच्या टोकापासून मोजत गेलं की महिना सापडतो: तेव्हा ताप आला असेल, जंत झाले असतील, चारा कमी पडला असेल किंवा ती व्यायली असेल. त्या दिवसांत तंतू बारीक झाला, आता सूत कातताना तो तिथेच तुटणार. गाभण आणि कोकरं पाजणाऱ्या मेंढ्यांना चारा घालताना म्हणूनच हात आखडू नकोस.

गव्हाण खाली ठेव. उंचावरून वैरण घातली की भुसा मानेत शिरतो आणि धुऊनही निघत नाही. वैरणीच्या पेंढ्यांची प्लास्टिकची सुतळी मोजून उचल. तिचा एखादा धागा लोकरीत गेला तर तो रंग धरत नाही, आणि हे कळतं कापड विणून झाल्यावर.

कातरणीच्या आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेव. भरल्या पोटाची मेंढी उलटी बसवली की तिला धाप लागते, ती झटापट करते. आणि लोकर कोरडी हवी. एका वर्षी पहाटे भुरभुर पाऊस झाला होता. वरवर सुकल्यासारखं वाटलं म्हणून मी कातरणी उरकली आणि गठ्ठे बांधले. आठवड्याने गठ्ठ्यात हात घातला तर आत ऊब होती, कुबट वास होता आणि लोकर पिवळी पडली होती. तो पिवळेपणा काही केल्या गेला नाही. अजून हळहळ वाटते.

पांढऱ्या मेंढ्या आधी, काळ्या शेवटी. एका हाताने कातडी ताणून धर, पातं अंगाशी सपाट ठेव. मागे पट्टा राहिला तर राहू दे, त्यावरून पुन्हा कातर फिरवू नकोस. त्याने आखूड तुकडे पडतात आणि त्यांच्यामुळे सुतात गुठळ्या होतात.

मग कापलेली बाजू खाली ठेवून लोकर पसर. पोटाची वेगळी काढ, कडेची लेंड्या लागलेली आणि कुसळांची तोडून टाक. इथे लोभ धरू नकोस.

धुताना साधारण ६० अंशांचं पाणी घे. लोकरीतलं मेण चाळिशीच्या आसपास वितळतं, पाणी निवलं तर ते परत तंतूंवर बसतं. साबणाच्या पाण्यात लोकर नुसती दाबून बुडव. ढवळलंस की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा, होतो. खळबळायचं पाणीही तितकंच गरम हवं.

पहिली कातरणी झाली की खांद्याची, बरगडीची आणि मांडीची एकेक बट कागदात गुंडाळून पाठव. मेंढीचं वय आणि ती कधी व्यायली ते वर लिही. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस.

तुझा,
काका